लहान पोरांना सुया, आणि वर डॉ. कोटणीसांचं नाव?

होटगीरोडकर:
शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर परवा एक लांबलचक मेसेज आला. मुद्दा असा की अंथरूण ओलं करणं, दमा, हट्टीपणा, अभ्यासात लक्ष नसणं, उशिरा बोलणं, या सगळ्यावर मुलांसाठी अ‍ॅक्युपंक्चर. औषध नाही, साइड इफेक्ट नाही. "सोलापूरचे सुपुत्र डॉ. कोटणीस यांनी चीनहून आणलेली विद्या, सोलापूरकरांनीच पाठ फिरवायची का?" खाली उन्हाळी शिबिराचा पत्ता, दहा सिटिंगचं पॅकेज. त्यावर 'खूप छान माहिती'ची रांग. तिथं काही लिहिलं तर अ‍ॅडमिनबाई काढून टाकतात, म्हणून इथं लिहितोय.

हट्टीपणावर सुई? हट्टी पोराला सुई दाखवली की ते गप्प बसणारच. त्याला उपचार म्हणत नाहीत.

यातले कितीतरी त्रास वयाबरोबर जातात. पाच वर्षांच्या शंभर पोरांत पंधराएक रात्री अंथरूण ओलं करतात, आणि दरवर्षी त्यातली साधारण 15 टक्के काही न करता थांबतात. तान्ह्या बाळाचं पोटात कळ येऊन रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. त्या वेळी जो कोणी दारात उभा असेल त्याला यश मिळतं. मग तो सुईवाला असो, अंगारेवाला असो, नाहीतर गुटी उगाळणारी आजी.

पण माझं डोकं फिरलं ते 'उशिरा बोलणं' वाचून. माझ्या साडूची मुलगी, तिसरं लागलं तरी 'आई'च्या पुढं शब्द नाही. घरच्यांनी सुया सुरू केल्या. एकदा मीच गाडीवर सोडायला गेलो होतो. आजीच्या मांडीवर पोरगी, केसांत पाच-सहा बारीक सुया, त्यातली एक उपटून तिनं आजीच्या पदरात खोचली. तेवढ्यात बाहेर कुणाच्या हातून स्टीलचा डबा पडला. आम्ही सगळे दचकलो, ती ढिम्म. "तिचं लक्षच नसतं," आजी म्हणाली. बरेच महिने गेल्यावर कानाची बेरा टेस्ट झाली तेव्हा कळलं, दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. आता मशीन लावलंय, स्पीच थेरपी चालू आहे. भाषा शिकायच्या वयातले ते महिने कोण भरून देणार?

दोनपोरांची_आई:
मुलीचं वाईट वाटलं. पण कान तपासायचा राहिला हा दोष सुईचा कसा? आधी ज्या बालरोगतज्ज्ञांना दाखवलं असेल त्यांनी नको होतं का सांगायला?

माझा मोठा सात वर्षांचा होईपर्यंत रोज अंथरूण ओलं करायचा. मामाकडे राहायला जायचा नाही, शाळेच्या सहलीला नाही. डॉक्टर म्हणायचे, "होईल बंद." तीन मिनिटांत बाहेर, फी पूर्ण. अ‍ॅक्युपंक्चरवाल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी अर्धा तास त्याच्याशी गप्पा मारल्या. पोटावर, पायावर केसासारख्या सुया, क्षणभर टोचून लगेच बाहेर. पोरगं एकदाही रडलं नाही. दिवाळीपर्यंत गादी कोरडी. आता तुम्ही टक्केवारी सांगत बसा.

होटगीरोडकर:
ताई, एकच विचारतो. त्या मॅडमनी सुयांशिवाय आणखी काही सांगितलं होतं का?

दोनपोरांची_आई:
संध्याकाळचा चहा बंद, पाणी दिवसा भरपूर आणि झोपताना कमी, झोपायच्या आधी लघवी. आणि पोट साफ राहील असं खाणं. मग?

होटगीरोडकर:
मग झालं की. बद्धकोष्ठ हे अंथरूण ओलं होण्याचं नेहमीचं कारण. तेवढं कुठल्याही चांगल्या डॉक्टरनं फुकट सांगितलं असतं.

दोनपोरांची_आई:
सांगितलं असतं, पण सांगितलं नाही ना! तुम्ही धुतलीय का कधी गादी? नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, आणि घरात रोज एक ओली चादर. एकदा धुवा, मग पुरावे मागा.

बाराबंदी:
ताईंनी खरं दुखणं काढलं बगा. उजनी भरून वाहायलीय, आणि आमच्या नळाला चार दिवसांनी तासभर थेंब थेंब. पैली सुई पाईपलाईनला मारा. पोरांचं नंतर बगू.

नाडीबिंदू:
मी स्वतः अ‍ॅक्युपंक्चर करतो, लपवत नाही. महाराष्ट्रात 2015 चा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी लागते. पश्चिम बंगालात तर 1996 पासून कायदा आहे. आम्ही काय जत्रेत पाल ठोकून बसलेले नाही. जपानात मुलांसाठी शोनिशिन म्हणून वेगळी पद्धतच आहे, त्यात सुई आत टोचतच नाहीत, कातडीवर नुसती फिरवतात. हे माहीत नसताना 'पोरांना सुया' म्हणून बोंब मारायची, आणि सर्दीला तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक दिलं की मुकाट घ्यायचं.

कान न तपासता मुलीला सुया लावणारा आमच्यातला नोंदणीवाला निघाला, तर त्याची नोंदणी काढा. अर्जावर पहिली सही माझी.

होटगीरोडकर:
सहीबद्दल आभार. पण नोंदणी म्हणजे धंद्याची परवानगी. हट्टीपणा बरा होतो याचा दाखला नाही. आणि 'साइड इफेक्ट नाही' हे तर धादांत खोटं. 2011 मध्ये 'पीडियाट्रिक्स' या बालरोगांच्या नियतकालिकात मुलांच्या अ‍ॅक्युपंक्चरचा आढावा आला होता. 279 त्रासांची नोंद, त्यातले 25 गंभीर. अंगठा वाकडा होण्यापासून फुप्फुसाभोवती हवा शिरण्यापर्यंत.

नाडीबिंदू:
पुढचं वाक्य गिळलंत. उरलेले जवळजवळ सगळे किरकोळ, म्हणजे रडणं, काळं-निळं होणं, थोडं रक्त. आणि गंभीर प्रकार बहुतेक हलगर्जी हातामुळे झाले असावेत, असं त्याच आढाव्यात लिहिलंय.

होटगीरोडकर:
आणि तो हलगर्जी हात कुठला, हे दहा सिटिंगचं पॅकेज घेणाऱ्या आईला कसं कळणार?

टिळकचौक:
तुमचं सुयांचं चालू द्या. त्या मेसेजमधलं सगळ्यात मोठं खोटं कुणीच धरलं नाही. कोटणीसांनी अ‍ॅक्युपंक्चर आणलं? कधी आणलं? माणूस 1938 ला जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेला तो परत आलाच नाही. 9 डिसेंबर 1942 ला तिकडंच गेला, वय 32. आणि होता सर्जन, रणांगणातल्या जखमींवर ऑपरेशनं करणारा. हे विद्या आणणं कुठल्या टपालानं झालं?

नाडीबिंदू:
काका, लुधियानाला डॉ. कोटणीसांच्या नावानं अ‍ॅक्युपंक्चरचं हॉस्पिटल आहे. उगीच नाव दिलं असेल का? आणि चार वर्षं चीनमध्ये, त्यातले काही महिने तिकडच्या येनानला राहिलेल्या माणसानं ही विद्या पाहिली नसेल?

टिळकचौक:
पाहिली असेल. मीही मुंबईत समुद्र पाहिलाय, म्हणून मला जहाज हाकता येत नाही. नाव आदरानं देतात. त्या पथकात पाच डॉक्टर होते: अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि आपले कोटणीस. त्यातले बिजयकुमार बसू पुढं पुन्हा चीनला गेले, तिथं अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि 1959 ला कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. बंगालात कायदा आधी आला तो उगाच नाही. श्रेय बंगाल्याचं, आणि जाहिरातीत फोटो सोलापूरच्या माणसाचा.

दोनपोरांची_आई:
मी पोराच्या गादीचं बोलत होते. तुम्ही येनानला पोचलात.

टिळकचौक:
पोचणारच. गावात स्मारक आहे, आणि पोरांना विचारा कोटणीस कोण, तर त्यांच्यावरच्या सिनेमाचं नाव सांगतात. 2013 ला चीनचे पंतप्रधान मुंबईत आले तेव्हा कोटणीसांच्या बहिणीला भेटले. आम्ही काय करतो, शिबिराच्या जाहिरातीत नाव घालतो. आणि नागपूरचे चोळकर? ते तर नागपूरकरांनाही आठवत नसतील.

बाराबंदी:
एक विचारू का काका, रागावू नका. चीनमध्ये एवढे सुया टोचणारे बसलेले, मग आपल्या डॉक्टरला का नाही वाचवलं?

टिळकचौक:
जीभ सांभाळ. फिट्स येत होत्या त्यांना. लढाई, थंडी, औषधांचा तुटवडा, त्यात दिवसरात्र ऑपरेशनं. मागं बायको आणि काही महिन्यांचं पोर. त्या माणसाच्या मरणावर विनोद करायचा असेल तर दुसरा धागा काढ.

बाराबंदी:
बरं बाबा, चुकलं म्हणा. पण प्रश्न माझा तसाच ऱ्हायला.

होटगीरोडकर:
काका, बसूंची माहिती मला नवीन. पण धागा लेकरांचा आहे, मूळ मुद्द्यावर या.

रात्रपाळी:
मी सिस्टर आहे, लहान मुलांच्या ऑपरेशननंतरच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. दोन्ही बाजूंना न आवडणारं सांगते. भूल उतरल्यावरच्या उलटीसाठी मनगटाचा पी-सिक्स नावाचा अ‍ॅक्युपंक्चरचा बिंदू खरंच उपयोगी पडतो. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात मुलंही होती. उलटीच्या औषधाइतकाच फरक दिसला, पुरावा फार भक्कम नाही हेही त्यांनीच लिहिलंय. मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोरीसारख्या ताठ लागणाऱ्या मधल्या दोन कंडरांच्या मध्ये. बोटं पोराची मोजायची, आपली नव्हे, इथं सगळे चुकतात. सुईची गरज नाही, अंगठ्यानं दाबलं तरी चालतं. औषध डॉक्टर देतील तेव्हा द्यायचंच.

एका उलटीवरून हट्टीपणा, दमा आणि उशिरा बोलण्यापर्यंत उडी मारणारे मात्र मला पटत नाहीत. दम्याच्या पोराचा पंप सुया चालू आहेत म्हणून बंद केलेला मी पाहिलाय. रात्री दोनला आणलं होतं, ओठ निळे. तो पंप बंद करायला कुणी सांगितलं, हे आईला धड आठवतही नव्हतं.

नाडीबिंदू:
पंप बंद करा असं आमच्यातला शिकलेला माणूस सांगणार नाही.

रात्रपाळी:
न शिकलेले सांगतात. बोर्डावर दोघांच्या नावापुढं तेच लिहिलेलं असतं.

होटगीरोडकर:
सिस्टर, उलटीचं मान्य. दुसरा इलाज ठेवलाच नाहीत तुम्ही. ताई, तुमची गादी सुयांनी कोरडी झाली हे मी मरेपर्यंत मानणार नाही. पण त्या मॅडमनी अर्धा तास ऐकून घेतलं, ते आमच्याकडे कुणी करत नाही, हे खरं.

दोनपोरांची_आई:
वा, उपकार झाले. धाकट्याला न्यायचं झालं तर मी त्यांच्याकडेच जाणार. बोलायला उशीर असता तर आधी कान तपासले असते, एवढं तुमच्याकडून घेते. सिस्टर, पंढरपूरला जाताना मोहोळ येईपर्यंत धाकटा दोनदा ओकतो. तो मनगटाचा बिंदू चालेल का?

रात्रपाळी:
मी भूल उतरल्यावरचं सांगितलं, गाडीचं नाही. दाबून बघा, नुकसान काही नाही. पण त्याआधी काच खाली करा, बाहेर लांब बघायला सांगा आणि हातातला मोबाईल काढून घ्या. आणि निघताना भरपेट खाऊ घालू नका.