तिसरीतल्या हुशार मुलीला वर्गात काय देऊ? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, मी गुहागर तालुक्यात झेडपीच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, तिसरी-चौथी एकाच खोलीत. तिसरीतली एक मुलगी हातच्याच्या वजाबाक्या पाच मिनिटांत संपवते नि मग खिडकीबाहेर बघत बसते. अजून गणितं दिली तर म्हणाली, "बाई, लवकर केलं म्हणून जास्त का करायचं?" मला फार वाईट वाटलं हो. मग काल सांगितलं, बाबांच्या होडीला डिझेल किती लागलं, मासळी कितीला गेली, उरलं किती ते काढून आण, तर आज स्वतःचेच चार प्रश्न बनवून आणलेन तिने! नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा पाचवीत, तोपर्यंत हिला नुसतं बसवून ठेवायचं का? बाकीच्या मुलांना कमीपणा न वाटता असं रोज काय देता येईल, कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.