एदेनच्या बागेत ते झाड लावलंच कशाला?

तिरपागडा:
ख्रिस्ती श्रद्धेतला एक प्रश्न मांडतोय, सडेतोड बोला. देव सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि पूर्ण चांगला. तरी त्याने बागेच्या मधोमध बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचं झाड लावलं, खाल तर मराल असं बजावलं, आणि सर्पाला मोकळं सोडलं. हा सर्प बाहेरून शिरलेला नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, तिसऱ्या अध्यायाची पहिलीच ओळ त्याला देवाने केलेल्या प्राण्यांत धरते. (तो सैतान, ही ओळख त्या अध्यायात नाहीच. ती थेट शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात येते.) बरं, फळ खाईपर्यंत आदाम आणि हव्वा या पहिल्या दोन माणसांना बरंवाईट कळतच नव्हतं, मग आज्ञा मोडणं वाईट हे कुठून कळणार? रांगत्या पोरापुढे विहीर उघडी ठेवायची आणि पडल्यावर पोरालाच दोष द्यायचा, असला हा प्रकार.

यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे देवाला कळसूत्री बाहुल्या नको होत्या, स्वातंत्र्य दिलं की चुकायची मुभा आलीच. ते माझ्या गळी उतरत नाही, आणि त्याला कारण आहे स्वर्ग. तिथे कोणी पाप करत नाही असं बहुतेक सगळे ख्रिस्ती मानतात. मग तिथली माणसं स्वतंत्र आहेत की नाहीत? असतील, तर पापावाचून स्वातंत्र्य शक्य आहे. नसतील, तर ज्या स्वातंत्र्यापायी एवढं रामायण झालं ते इतकं मोलाचं नव्हतंच.

जैतून:
विहिरीचं उदाहरण चुकलंय. रांगत्या पोराला बोललेलं कळत नाही, हव्वेला नीट कळलं होतं. सर्प विचारतो, देवाने कुठल्याच झाडाचं खाऊ नका म्हटलंय का? ती लगेच त्याला दुरुस्त करते, एवढंच नाही तर ‘शिवूही नये’ अशी पुस्ती जोडते. मूळ आज्ञेत ती नाही. बरंवाईट कळत नसेल, पण कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवायचा ते तर ठरवता येत होतं. अख्खी बाग मोकळी आणि एक झाड वर्ज्य, यात जाच कसला? आणि नंतरचं वाचा. आदाम म्हणतो, तू मला दिलेल्या या बाईने फळ दिलं. म्हणजे एका दमात बायकोवरही ढकललं आणि देवावरही.

तिरपागडा:
आदामाने देवावर ढकललं याचं मला नवल वाटत नाही. मीही तेच करतोय :) स्वर्गाचं काय ते सांगा.

कोरा कागद:
हा प्रश्न १९५५ मध्ये जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने रोखठोक मांडला होता. माणूस एकदा स्वेच्छेने चांगलं निवडू शकतो, तर प्रत्येक वेळी स्वेच्छेने चांगलंच निवडणारी माणसं देवाने का घडवली नाहीत? त्यावर आल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये उत्तर दिलं की कोणाकडून ‘स्वेच्छेने’ काही करवून घेणं सर्वशक्तिमानालाही जमणार नाही, कारण करवून घेतलं की ती स्वेच्छा उरत नाही. तर्क चोख आहे. पण त्यातून देव आणि दुष्टता यांत विसंगती नाही एवढंच सिद्ध होतं. देवाने असं का केलं, तो प्रश्न जागच्या जागीच. बरेच श्रद्धाळू या उत्तराला गरजेपेक्षा जास्त ओझं वाहायला लावतात.

वाटसरू:
इथे सगळे ऑगस्टिन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडिताच्या चष्म्यातून बघताहेत. परिपूर्ण माणूस, मग पतन, मग दोष पिढ्यान्‌पिढ्या. त्याच्याही दोनशे वर्षं आधी लियोंचा बिशप इरेनियस वेगळं सांगत होता. त्याच्या मते आदाम आणि हव्वा जणू मुलं होती, अजून पोक्त व्हायची होती. चांगुलपणा तयार हातात देता येत नाही, तो अंगी मुरावा लागतो. १९६६ मध्ये जॉन हिक यांनी हाच धागा पुढे नेला. या जगाकडे त्यांनी आत्मा घडवण्याची जागा म्हणून पाहिलं. स्वर्गाचं उत्तर यातच आहे. तिथली माणसं पाप करत नाहीत ती त्या वाटेने चालून गेलेली असतात म्हणून. ऑगस्टिननेही म्हटलंय की पहिलं स्वातंत्र्य पाप टाळता येण्याचं आणि शेवटचं, अधिक मोठं, पाप करताच न येण्याचं.

तिरपागडा:
आजवर वाचलेल्यांत हे सगळ्यात दमदार उत्तर. पण बाप्तिस्मा होऊन तान्हेपणीच गेलेलं बाळ? कॅथलिक शिकवणीनुसार ते स्वर्गात. ते कुठली वाट चाललं? त्याहून मोठी मेख म्हणजे येशूची आई मरिया. ती गर्भात आल्या क्षणापासून मूळ पापापासून, म्हणजे आदामाकडून प्रत्येकाला जन्मतः येणाऱ्या दोषापासून, मुक्त होती, हा कॅथलिक सिद्धांत १८५४ मध्ये पोपने जाहीर केला. तिला कोणी बाहुली म्हणत नाही. एकीसाठी जमलं ते सगळ्यांसाठी का नाही?

जैतून:
आम्ही प्रोटेस्टंट ते मानत नाही, त्यामुळे मरियेचं कोडं आमच्यापुढे नाही.

कोरा कागद:
वा, छान सुटलात!

जैतून:
सुटले नाही, थांबा. तुम्ही मोह आणि पाप एकाच दावणीला बांधताय. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू ४० दिवस उपाशी आहे आणि सैतान त्याला धोंड्यांच्या भाकरी करायला सांगतो. भूक खरी, मोह खरा, पाप नाही. इब्री लोकांस पत्रही हेच म्हणतं, तो सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला पण निष्पाप राहिला. मोह आला म्हणजे पडलंच पाहिजे असं नाही. बायबलमधल्या पत्रात याकोब सांगतो, देव कोणाला मोहात घालत नाही, माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो.

तिरपागडा:
मत्तयाच्या त्याच अध्यायाची पहिली ओळ तुम्ही गाळलीत. येशूला रानात नेलं ते पवित्र आत्म्याने, आणि नेलं ते सैतानाकडून परीक्षा व्हावी म्हणूनच.

वाटसरू:
म्हणूनच माझं म्हणणं, ‘देवाने फक्त होऊ दिलं’ या शब्दांआड फार काळ लपता येत नाही. काल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाने निदान ते लपवलं नाही. पतन देवाने योजलं होतं, तरी माणूस पडला तो स्वतःच्याच दोषाने, असं तो सरळ लिहितो. पचायला जड आहे, पण आडपडदा नाही. ईस्टरच्या आदल्या रात्री गायल्या जाणाऱ्या प्राचीन लॅटिन स्तोत्रात तर आदामाच्या अपराधाला ‘धन्य अपराध’ म्हटलंय, कारण त्यामुळे असा तारणारा मिळाला.

कोरा कागद:
मग पाप जितकं जास्त तितकं बरं, नाही का?

वाटसरू:
येशूचा प्रेषित पौल याला हाच टोमणा ऐकावा लागला असावा. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, असं रोमकरांस पत्रात तोच विचारतो आणि तोच झिडकारतो. वाइटातून चांगलं काढणं वेगळं, चांगल्यासाठी वाईट करणं वेगळं.

तिरपागडा:
हा फरक माणसाला लागू. सगळं आधीच ठाऊक असून ज्याने पट मांडला त्याला कसा लागू होतो, ते पटवा.

जैतून:
बायबलमधल्या ईयोबानेही, सगळं गमावलेल्या त्या नीतिमान माणसाने, तेच विचारलं होतं. देव त्याला कारण देत नाही, उलट विचारतो की मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? काही प्रश्नांपुढे श्रद्धेला एवढंच मिळतं, आणि ईयोबाला तेवढं पुरलं.

तिरपागडा:
पण ईयोबाला जे सांगितलं नाही ते वाचकाला पहिल्याच अध्यायात कळतं. वर सैतानाशी पैज लागली होती. मुलं मेली त्याची, दहा. कारण होतं, ते फक्त त्याच्यापासून लपवलं. माझी तक्रार नेमकी तीच आहे.