शिळ्या सावरडोचा फ्रेंच टोस्ट: आपल्या ग्रुपवर झालेली चर्चा

बी-५०४, रविवार, सकाळी ९.४०

सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीत घरी पाव भाजणारी माणसे आहेत हे ठाऊक असल्यामुळे एक शंका विचारते. शुक्रवारी वांद्र्याहून येताना एक सावरडो पाव आणला होता. दोन दिवसांत तो इतका कडक झाला की साधी सुरी चालेना, म्हणून आज मुलांसाठी त्याचे फ्रेंच टोस्ट केले. नेहमीच्या स्लाइस ब्रेडचे करते त्याच पद्धतीने काप अंडे-दुधात दोन्ही बाजूंनी बुडवले आणि लगेच तव्यावर टाकले. वरून ते काळपट झाले, आत पाव कोरडाच राहिला आणि कडा तर धाकट्याला चावताच आल्या नाहीत. निम्मा पाव अजून शिल्लक आहे आणि तो ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला मन धजावत नाही. सी विंगमधल्या ताई, तुम्ही हा पाव घरी करता. माझे नेमके कुठे चुकले, ते सांगाल का?

सी-२०२, सकाळी १०.१५

वहिनी, पाव मुळीच टाकू नका. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे आणि ते म्हणजे पावाला भिजायला वेळ मिळाला नाही.

नेहमीचा स्लाइस ब्रेड मऊ आणि बारीक जाळीचा असतो. त्याच्या पिठात बहुधा साखर आणि तेल किंवा तूपही असते, त्यामुळे तो दुधात टाकल्याबरोबर स्पंजासारखा ओला होतो आणि जरा जास्त राहिला तर हातातच तुटतो. सावरडोत मूळ जिन्नस म्हणजे पीठ, पाणी, मीठ आणि आपण जसे दह्यासाठी विरजण राखून ठेवतो तसे राखलेले आंबवण, एवढेच. पीठ कित्येक तास सावकाश आंबते. त्याची जाळी मोठी, पण जाळीच्या भिंती जाड आणि चिवट असतात. काप दुधात बुडवला की दूध आधी त्या मोठ्या भोकांत शिरते आणि वरून पाहणाऱ्याला काप भिजल्यासारखा वाटतो, मात्र भिंती कोरड्याच असतात. तव्यावर टाकल्यावर भोकांतले मिश्रण बाहेर ओघळते, कापाच्या भोवती आमलेटची झालर धरते आणि मधला पाव पाण्याविना तापून आणखी कडक होतो.

पाव शिळा होणे ही या पदार्थासाठी अडचण नसून सोय आहे. रात्रीचा भात सकाळी टणक होतो, त्याच कारणाने पावही कडक होतो: शिजलेला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट बांधला जातो. ओलावा आणि उष्णता एकत्र मिळाली की तो परत सैल होतो. फ्रेंच लोक या पदार्थाला जे नाव देतात त्याचा अर्थच ‘हरवलेला पाव’ असा आहे, म्हणजे वाया गेला म्हणून सोडून दिलेला पाव परत ताटात आणणे. आपली फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात याच विचारातून आले आहेत, तेव्हा आपल्याला हे वेगळे शिकवायला नको.

आता मी कसे करते ते लिहिते. चार मोठ्या कापांना तीन अंडी, २०० मिली दूध, एक मोठा चमचा साखर, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा दालचिनी पूड. दालचिनी थेट दुधात टाकली तर वर तरंगते आणि तिच्या गुठळ्या होतात, म्हणून ती आधी कोरड्या साखरेत मिसळावी, त्यात अंडी फोडून फेटावीत आणि मग दूध घालावे. दूध तापवून ठेवलेले असेल तर ते पूर्ण गार झालेले असावे, कारण गरम दुधात अंडे तिथेच शिजू लागते. मी फुल क्रीम दूध घेते, ज्यात ६ टक्के स्निग्धांश असतो. टोन्ड दूधच घरात असेल तर त्यात दोन चमचे साय फेटून घालते. हे मिश्रण एकदा गाळून घेतले तर पांढऱ्या बलकाचे तंतू राहत नाहीत आणि टोस्टवर पांढरे ठिपके उमटत नाहीत.

काप २ सेंटिमीटर जाडीचे हवेत. पातळ कापले तर भोके आरपार जातात, आणि फारच जाड कापले तर मध्य शिजेपर्यंत बाहेरची बाजू करपते. कापायला दातेरी सुरी घ्यावी आणि ती दाब न देता करवतीसारखी चालवावी. पसरट ताटात मिश्रण ओतून प्रथम काप कडेवर उभे करून ठेवावेत, म्हणजे जी कड धाकट्याला चावता आली नाही तिलाच सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त ओलावा मिळतो. तीन-चार मिनिटांनी काप आडवे करावेत आणि प्रत्येक बाजू आठ ते दहा मिनिटे मिश्रणात राहू द्यावी. बोटाने मधोमध हलके दाबून पाहावे. आत खडा असल्यासारखे लागले तर आणखी पाच मिनिटे थांबावे. भिजलेला काप ओल्या उशीसारखा जड लागतो, पण सावरडो असल्यामुळे तो फाटत नाही, आणि मला तरी या पावाची हीच सर्वांत मोठी देणगी वाटते.

तव्याची गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. तुमचे टोस्ट काळपट झाले याचा अर्थ आच मोठी होती. तवा मध्यम तापवून आच मंद करावी आणि एक चमचा साजूक तूप सोडावे. नुसते लोणी घातले तर त्यातला दुधाचा अंश खाली बसून लवकर जळतो. लोण्याची चव हवीच असेल तर टोस्ट उतरवण्याच्या अर्ध्या मिनिटापूर्वी घालावे. काप टाकल्यावर आवाज हवा, पण तो चर्र नको, बारीक कुजबुजल्यासारखा हवा. एका बाजूला चार ते पाच मिनिटे, तशीच दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी एक मिनिट झाकण. टोस्ट झाल्याची खूण म्हणजे मध्यभागी दाबल्यावर तो फुगून परत वर येतो आणि कडेने ओले मिश्रण झिरपत नाही.

ए-१०१, सकाळी १०.५०

ताई, आपण आंबवणाची तुलना विरजणाशी केलीत ती मला फार पटली, म्हणून थोडी भर घालतो. पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. गोव्यात आजही पाव करणाऱ्याला पोदेर म्हणतात आणि तोही पोर्तुगीज शब्दच आहे. त्या काळी तिथे पीठ फुगवण्यासाठी ताडामाडाची माडी वापरत, कारण माडीत खमीर आपोआपच तयार होते. म्हणजे आज ज्याला आपण महागडा विदेशी पाव समजतो, त्याच तत्त्वाचा पाव आपल्या किनाऱ्यावर शतकांपूर्वीच भाजला जात होता. आमच्या लहानपणी गिरगावात इराण्याच्या हॉटेलातला कालचा ब्रुन, म्हणजे कडक सालीचा पाव, घरी आणला की आई तो दुधात भिजवून, अंड्यात घोळवून तुपावर परतत असे. त्याला फ्रेंच टोस्ट म्हणतात हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळले. तिची एक सवय सांगतो: ती काप आधी नुसत्या दुधात भिजवी आणि अंड्यात केवळ शेवटी बुडवी. कडक ब्रुनला ते फार मानवत असे.

सी-२०२, सकाळी ११.०५

आजोबा, आपल्या आईंची रीत अगदी शास्त्रशुद्ध होती. दूध पातळ असल्यामुळे चिवट भिंतींत लवकर शिरते, अंडे मिसळलेले दूध दाट असल्यामुळे सावकाश शिरते. पाव चार दिवसांचा असेल तर मी स्वतः यापुढे याच पद्धतीने करीन. एवढेच पाहावे लागेल की दूध अगोदरच प्यायलेला काप अंडे कमी घेतो, म्हणून त्याला अंड्यातही किमान तीन-चार मिनिटे ठेवावे, नाहीतर मधला भाग जमून येत नाही आणि खिरीत भिजलेल्या पावासारखा लिबलिबीत लागतो.

बी-३०३, सकाळी ११.२०

आमच्याकडे अंडे चालत नाही, पण घरी सावरडो नेहमी येतो. अंड्यावाचून हा पदार्थ होईल का, की त्याला फ्रेंच टोस्ट म्हणणेच चूक ठरेल?

सी-२०२, सकाळी ११.४५

काकू, नक्कीच होईल आणि चांगला होईल. अंड्याचे काम दोन प्रकारचे असते: आत दूध जमवून धरणे आणि बाहेरून खमंग पापुद्रा देणे. ही दोन्ही कामे कस्टर्ड पावडर बऱ्यापैकी करते. कस्टर्ड पावडर जन्मली तीच मुळी यासाठी. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली ती तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडे सोसत नव्हते. ती प्रामुख्याने मक्याचे स्टार्च असते, तरी पाकिटावरील घटक एकदा वाचून घ्यावेत.

येथे मात्र सावरडोची अडचण वेगळी आहे. स्टार्च गार दुधात विरघळत नाही, ते तळाशी बसते. काप त्यात दहा मिनिटे ठेवला तर तो केवळ वरचे पातळ दूध पितो आणि सगळी पावडर ताटात राहते. म्हणून आजोबांच्या आईंची रीत तुमच्यासाठी अधिक योग्य आहे. काप आधी साखर घातलेल्या नुसत्या दुधात दोन्ही बाजूंनी मिळून वीस मिनिटे भिजवावा. मग १०० मिली गार दुधात दीड मोठा चमचा कस्टर्ड पावडर कालवून, प्रत्येक कापाच्या वेळी चमच्याने तळापासून ढवळून, त्यात काप घोळवावा. आच मंद ठेवून झाकण घालावे, कारण स्टार्च नीट शिजले नाही तर जिभेवर पिठूळ चव येते. वेलची आणि किंचित जायफळ घातले तर बासुंदीच्या वाटेने जाणारी चव येते. नावाबद्दल म्हणाल तर, शाही तुकडा आणि हैदराबादचा डबल का मीठा हेही दुधात भिजवलेल्या पावाचेच आणि अंड्याशिवायचे पदार्थ आहेत. त्यांच्या शेजारी बसायला या टोस्टला काहीच संकोच नसावा.

ए-६०२, दुपारी १२.१०

माझे दोन प्रश्न आहेत. हा पाव आंबट असतो, मग गोड टोस्टमध्ये ती चव विचित्र लागत नाही का? आणि सावरडो मधुमेहींना चालतो असे ऐकले आहे. बाबांना हा टोस्ट द्यावा का?

सी-२०२, दुपारी १२.३५

दादा, आंबटपणा दोन आम्लांचा असतो. एक दह्यात असते तेच लॅक्टिक आम्ल आणि दुसरे व्हिनेगरमधले अॅसिटिक आम्ल. ही चव गोडाबरोबर छान जमते, जशी श्रीखंडात चक्क्याची आंबट चव साखरेला धरून असते. फक्त गोडी एकसुरी नसावी. साखरेच्या पाकापेक्षा काकवी मला या टोस्टबरोबर कितीतरी जास्त आवडते, कारण तिच्यात गुळाचा किंचित कडवटपणा असतो. वेलची केळे उभे चिरून त्याच तव्यावर तुपात परतून वर ठेवले की आणखी काही लागत नाही. गोड नकोच असेल तर साखर आणि दालचिनी वगळून मिश्रणात हिरवी मिरची, कोथिंबीर, मिरपूड आणि अगदी बारीक चिरलेला कांदा घालावा. खरे सांगायचे तर आंबट पावाला तिखट टोस्ट अधिक शोभतो असे माझे मत आहे. कांदा मात्र भिजवून झाल्यावर, तव्यावर टाकण्याच्या वेळीच घालावा, नाहीतर त्याला पाणी सुटते.

बाबांविषयी मी ठामपणे होकार देणार नाही. सावरडो झाला तरी तो बहुधा मैद्याचाच असतो, आणि त्यावर साखर व काकवी आली की पावाच्या गुणांची चर्चा करण्यात अर्थ उरत नाही. त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ज्यांना गव्हातले ग्लुटेन वर्ज्य आहे, त्यांनी तर गव्हाचा सावरडोही टाळावा.

बी-३०३, दुपारी १२.५०

आणखी एकच विचारते. पावसाळ्यात पाव फ्रिजमध्ये ठेवला तर चालेल ना?

सी-२०२, दुपारी १.००

काकू, फ्रिजच्या थंडाव्यात पाव बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो, हे ऐकून नवल वाटेल, पण स्टार्च घट्ट होण्याची क्रिया त्या तापमानालाच सर्वांत वेगाने होते. टोस्टच करायचे असतील तर हरकत नाही. नुसता खायचा असेल तर पाव आणल्या दिवशीच काप करून, डब्यात घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावेत. आम्लांमुळे सावरडोवर बुरशी उशिरा येते, परंतु जुलैतल्या मुंबईच्या दमट हवेपुढे तेही फार दिवस टिकत नाही. एक गोष्ट सर्वांना कळकळीने सांगते. शिळा पाव वाचवावा, बुरशी आलेला पाव कधीही वाचवू नये. एका कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला तरी या जाळीदार पावात बुरशीचे तंतू न दिसता आतपर्यंत गेलेले असू शकतात, म्हणून तेवढा भाग कापून बाकीचा वापरणे योग्य नाही.

बी-५०४, सायंकाळी ६.३०

ताई आणि आजोबा, दोघांचेही मनापासून आभार. उरलेल्या पावाचा प्रत्येक कोपरा खिडकीशी नेऊन नीट पाहिला, ठिपका कुठेही नव्हता. चार काप केले, आधी कडेवर उभे ठेवले आणि मग घड्याळ लावून दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटे भिजवले. तिसऱ्या कापाच्या मधोमध बोटाला अजून खडा लागत होता, म्हणून तो एकटा आणखी पाच मिनिटे ठेवला. तुपाचा तो बारीक आवाज ऐकू येईल इतकीच आच ठेवली. पहिला टोस्ट उलटताना बदामी रंग दिसला आणि भोवती आमलेटची झालर मुळीच नव्हती. सुरीने मधून कापला तेव्हा आतला भाग खरवसासारखा थरथरत होता, ओला कुठेच नव्हता. धाकट्याने आज कड आधी खाल्ली. काकवी घरात नव्हती, म्हणून गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून वर घातला आणि तोही चांगला लागला. पुढच्या शुक्रवारी पाव आणला की निम्मे काप त्याच रात्री फ्रीझरमध्ये जातील.