भावकीचा बहिष्कार आणि घरगुती मंडळी: विश्वास कसा टिकवावा?

जतचा_सेवक
जय ख्रिस्त सगळ्यांना. जत तालुक्यातल्या एका गावात सहा घरांची ख्रिस्ती मंडळी (घरात जमणारं चर्च) आहे, बहुतेक नवे विश्वासी. यात्रेची वर्गणी दिली नाही म्हणून भावकीनं लग्नकार्याला बोलावणं बंद केलं, गिरणीवर दळण घेत नाहीत, आणि आता "रविवारची प्रार्थना बंद करा, नाहीतर बघून घेऊ" असा निरोप आलाय. दोन तरुण पोरं यायची थांबली. धीर धरा, प्रार्थना करा हे आम्ही एकमेकांना सांगतोच. विचारायचंय ते असं: शिकवणीत आधी काय घ्यावं? पोलिसांत जाणं म्हणजे विश्वास कमी पडला का? आणि थांबलेल्या पोरांशी कसं वागावं?

मिरजेचे_काका
पहिलं पेत्र घ्या, म्हणजे नव्या करारातलं पेत्राचं पहिलं पत्र. प्रकटीकरण (बायबलचं शेवटचं पुस्तक) आत्ता नको, भेदरलेला माणूस त्यातली श्वापदंच मोजत बसतो. पेत्राचे पाच अध्याय, १०५ वचनं. दर रविवारी अर्धा अध्याय धरला तर अडीच महिन्यांत होतं. आजच्या तुर्कस्तानातल्या विखुरलेल्या विश्वासीयांना लिहिलेलं हे पत्र आहे, आणि त्यांचा त्रास बराचसा तुमच्यासारखाच: बदनामी, शिव्या, "पूर्वी आमच्यात बसायचा, आता का नाही" हा राग (४:४).

सगळ्यात जास्त वेळ ४:१५-१६ ला द्या. ख्रिस्ताच्या नावामुळे सोसणं वेगळं आणि दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करून ओढवून घेतलेलं वेगळं, हे पेत्र स्पष्ट सांगतो. आठवड्यात जे घडलं ते समोर ठेवून विचारा: हे प्रभूच्या नावामुळे झालं, की आपल्या स्पीकरच्या आवाजामुळे, देवदेवतांबद्दल बोललेल्या वाकड्या शब्दामुळे, की बांधाच्या जुन्या भांडणामुळे? इथंच बऱ्याच मंडळ्या चुकतात. प्रत्येक तंट्याला छळ म्हणायची सवय लागली की खरा छळ आला तेव्हा गावात कुणी ऐकून घेत नाही, आणि विश्वासीसुद्धा मनातून साशंक होतो.

सोबत स्तोत्रं घ्या, पण विलापाची. १३ वं आधी (सहाच वचनं, आठवड्यात पाठ होतं), मग ५६, मग ८८. फक्त विजयाची गाणी गाणाऱ्याला स्वतःची भीती पाप वाटू लागते, आणि तो गुपचूप यायचा थांबतो. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

जागा बदलणं हा भित्रेपणा नव्हे. मत्तय १०:२३ मध्ये प्रभू स्वतः दुसऱ्या गावी निघून जायला सांगतो. स्मुर्णाचे बिशप पॉलिकार्प साधारण इ.स. १५५ मध्ये हुतात्मा झाले, पण शोध सुरू झाल्यावर आधी ते मंडळीच्या सांगण्यावरून शेतावर जाऊन राहिले होते. त्याच वेळी क्विंतुस नावाचा एक जण आपणहून पुढे सरसावला, इतरांनाही पुढे काढलं, आणि श्वापदं दिसताच त्यानंच माघार घेऊन मूर्तिपूजकांचं अर्पण केलं. तुमच्याकडे असा उत्साही कुणी असेल तर त्याला आधी आवरा.

साताऱ्याची_वकीलताई
पोलिसांत जाण्याबद्दल. प्रेषित पौलानं फिलिप्पैमध्ये रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला (प्रेषितांची कृत्ये १६:३७), पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली (२५:११). त्याचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणत नाही.

एक वही करा. तारीख, वेळ, जागा, कोण, आणि तोंडचे शब्द जसेच्या तसे, शिवीसकट. "आमचा छळ केला" एवढंच लिहिलेली तक्रार पहिल्याच चौकशीत लंगडी पडते. व्हिडिओ असेल तर ज्या फोनवर काढला त्यातच मूळ फाइल राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत दाबली जाते आणि तिच्यातली मूळ माहिती गळते. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

चालू उपासनेत व्यत्यय आणला तर भारतीय न्याय संहिता कलम ३००, प्रार्थनास्थळाची नासधूस केली तर २९८, धमकीला ३५१. नुसत्या धमकीवर बहुधा अदखलपात्र नोंदच होते. तीही घ्या, पुढे सातत्य दाखवायला उपयोगी पडते. दखलपात्र गुन्हा असून एफआयआर घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टानं. तरी नाही झालं तर दंडाधिकारी. एफआयआरची प्रत फुकट मिळते. प्रसंग हातघाईवर आला तर ११२.

दळण बंद करणं, कार्याला न बोलावणं यासाठी महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र तो एकाच समुदायातल्या लोकांनी आपल्यातल्या माणसावर टाकलेल्या बहिष्काराला लागतो, म्हणून मतांतरितांच्या बाबतीत समोरचा वकील तिथंच बोट ठेवील. अर्ज आधी वकिलाला दाखवा. अनुसूचित जातीचे असाल तर १९५० चा राष्ट्रपतींचा आदेशही वाचून घ्या. ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही, त्यामुळे ॲट्रॉसिटीची तक्रार अडते. कागदावर एक आणि घरात एक असं ठेवू नका.

आणि एक, कडू लागेल. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, पण "गोळ्या बंद कर" असं कुणीही, कधीही म्हणू नये. माणूस दगावू शकतो, आणि उपचार अडवणाऱ्यांना २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही गाठू शकतो. तो ज्यांच्या खटपटीतून आला ते डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचेच.

कृष्णाकाठची
दळणाचं आधी सोडवा, बाकी शिकवण पोट भरल्यावर. सहा घरांत मिळून एक घरघंटी घ्या, घरच्या विजेवर चालते. पैसे तुमच्यातूनच काढा, हिशेबाच्या वहीवर दोघांच्या सह्या. बाहेरून आलेली देणगी गावात लगेच "आमिष" ठरते. मदत आणि बाप्तिस्मा यांची सांगड कधीच घालू नका.

वर्गणीचं बोलणं यात्रेच्या तोंडावर नको, महिनाभर आधी दोन जाणत्या माणसांनी जाऊन करावं. देवाच्या कार्याला देता येणार नाही, पण शाळेच्या किंवा पाण्याच्या कामाला तेवढीच रक्कम देतो म्हणावं, आणि पावती घ्यावी. राग सगळा जाणार नाही, पण "हे गावाला धरून नाहीत" हा मुद्दा बोथट होतो.

पोरांकडे जाताना हातात बायबल नको. दोघांनीच जा, त्यांच्या वयाचा एक असू द्या. का आला नाहीस हे विचारू नका, आणि त्यांचं नाव घेऊन मंडळीत प्रार्थना मुळीच नको. ती तासाभरात गावभर होते. इ.स. २५० मध्ये रोमी सम्राट डेशियसनं देवतांना अर्पणाची सक्ती केली तेव्हा कुणी अर्पण केलं, कुणी अर्पण केल्याचा नुसता दाखला विकत घेतला. कार्थेजचा बिशप सिप्रियान यानं दोघांना एकाच मापानं मोजलं नाही, आणि परतीचं दारही लावलं नाही. तुमची पोरं तर फक्त यायची थांबलीत.

सासरी एकटीच विश्वासी असलेल्या सुनेला धीर धरायला सांगा, पण मार खाणं हा क्रूस आहे असं शिकवू नका. मारहाण असेल तर १८१ ला फोन, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज. घरच्यांना पटायला वेळ लागतोच. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा.

जतचा_सेवक
आभारी आहे सगळ्यांचा. एक राहिलं: ज्यांच्या घरी जमतो त्यांची म्हातारी आई घाबरली आहे.

मिरजेचे_काका
मग त्या घरी नको. पाळी लावा, दर रविवारी वेगळं घर, ढोलकी बंद, पाऊण तासात आटपा. त्या आजींकडे मधल्या वारी दोघी जाऊन १३ वं स्तोत्र म्हणून येतील.