मदत हवी आहे : ड्यूररचा गेंडा सातवीच्या वर्गात छापायचा आहे

नमस्कार मंडळी,

मी शाळेत चित्रकला शिकवते. सातवीच्या मुलांसोबत जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या गेंड्यावर चार तासिका घ्यायच्या आहेत आणि दोन ठिकाणी अडले आहे.

हा गेंडा आपल्या बाजूचाच. गुजरातच्या सुलतान दुसऱ्या मुजफ्फरशहाने तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात चढला, २० मे रोजी लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा आलाच नव्हता. ड्यूरर होता दूर न्युरेंबर्गला. त्याच्या हाती लागले एक पत्र आणि एक कच्चे रेखाटन. तेवढ्यावर त्याने लाकडी ठशासाठी चित्र काढले. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले, खांद्यांमध्ये एक छोटे जादा शिंग! १५०२ मध्ये सशाचा केस न् केस रंगवणारा हाच माणूस. पुढे स्विस निसर्गशास्त्रज्ञ गेस्नरने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथातही हाच गेंडा घेतला. मला या चित्राचे फार प्रेम आहे. नुसत्या ऐकीव माहितीवर इतका जिवंत प्राणी कसा उभा राहिला, ते मुलांना स्वतः करून कळावे असे वाटते.

म्हणून त्यांना खवल्या मांजराचे फक्त वर्णन ऐकवून चित्र काढायला लावणार आहे. वर्णन कसे लिहू? आणि शाळेत कोरायची हत्यारे चालत नाहीत, तर ठसा कशाचा करू?

प्रतिसाद १

फोम शीटवर बॉलपेनने दाबून ठसा होतो, पण त्यात रेघा पांढऱ्या उमटतात. ड्यूररच्या ठशात उलटे आहे : रेघांच्या आजूबाजूचे लाकूड कोरून काढलेले, रेघ वर राहिलेली, म्हणून ती काळी. तुम्हाला तसेच हवे असेल तर पुठ्ठ्यावर फेविकॉलने सुतळी चिकटवा. रात्रभर वाळू द्या, रोलरने घट्ट पोस्टर कलर लावा, कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासा. चित्र उलटे छापले जाईल हे मुलांना आधी सांगू नका. ड्यूररचा छापील गेंडाही त्याच्या मूळ रेखाटनाच्या उलट्या बाजूला तोंड करून आहे.

प्रतिसाद २

वर्णनाबद्दल. ड्यूररने चित्रावर छापलेला मजकूर बघा : रंग ठिपकेदार कासवासारखा, आकार हत्तीएवढा पण पाय आखूड. कासव म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात कवच येणारच. अर्ध्या वर्गाला अशा उपमा द्या, उरलेल्यांना नुसती मापे : शेपूट किती लांब, खवले कुठे आहेत, पोटाला का नाहीत. मग दोन्ही चित्रे शेजारी लावा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सुतळी आजच आणते. उपमांमध्ये 'फणसासारखी पाठ' चालेल का? आमच्याकडच्या मुलांना फणस लगेच डोळ्यांपुढे येईल.

प्रतिसाद २

चालेल. फक्त मग काही चित्रांत काटे येतील, तेही ठेवा.