पोटरीचा मसल नळीवर बसवला, अकरा हप्ते झाले. उकिडवा कधी बसता येईन?

वावरवाला, दिग्रस तालुका

नमस्कार मंडळी. जूनमध्ये पेरणीच्या टायमाले ट्रॅक्टरची ट्रॉली माह्या उजव्या पायावरून गेली. नळीचं हाड मोडून बाहेर आलतं. पहिल्या दवाखान्यात वरतून टाके मारून मोकळे झाले. पाच दिवसांत कातडी काळी पडून उकलली अन् आत पांढरं हाड दिसाले लागलं. मंग नागपूरले नेलं. तिथं रॉड टाकला, पोटरीतलाच सोलिअस नावाचा मसल फिरवून हाडावर बसवला, त्याच्यावर मांडीची चामडी लावली.

जखम सुकली. एक्स-रे पाहून डॉक्टरनं कुबड्यांवर अर्धा भार द्याले सांगतलं. पण टाच काही जमिनीले लागत नाई, खुर्चीवर बसून पाय मागं घेतला का टाचेखालून उभी माचीस जाते. पाय खाली सोडला का दोन मिनिटांत वांग्यासारखा जांभळा. अन् फ्लॅप, म्हंजे तो फिरवून बसवलेला मसल, एवढा फुगला का पायजम्यात पाव लपवल्यावानी दिसते.

घाई काऊन, तर म्हैस. माह्याशिवाय कोणाले पान्हा सोडत नाई, बायको बसली का लाथ. अन् उकिडवं बसल्याबगर दूध काढता येत नाई मले.

जुना पेशंट, वणी

भाऊ, माहा 2017 चा. टोंगळ्याखाली बसवला होता. फुगा उतरते, घाबरू नका. तो मसल आता कामाचा राहत नाई, हळूहळू वाळते. माहा वर्षभरात निम्मा झाला.

दोन गोष्टी मात्र मले कोणी सांगतल्या नोयत्या. त्या कातडीले चटका कळत नाई. मोटरसायकलच्या सायलेन्सरले पाय टेकला होता, मले वास आला तवा समजलं. फोड सुकाले दीड महिना गेला. अन् तिथं घाम येत नाई, तेलही सुटत नाई. रोज खोबऱ्याचं तेल लावा, उन्हात उघडं ठेवू नका. आपल्या मे महिन्यात तर बिलकुल नाई.

अन् खर्रा खात असान तर बंद. तंबाखूनं बारीक नसा आखडतात, हाडही उशिरा जुळते. मी पान ठेल्यासमोरून जाणंच सोडलं, दुसरा उपाय नव्हता.

म्हशीचं म्हणान तर उलट्या डब्यावर बसा. माही गाय दोन दिवस बिचकली, मंग काही नाई.

फिजिओताई

भाऊ, सोलिअस काढला तरी पोटरीचा वरचा मसल शिल्लक आहे, चालायला तो पुरतो. टाच अडते ती बहुधा बाजेवर पंजा खाली पडून राहिल्यामुळे. एक पाहा: टोंगळा सरळ ठेवून पंजा वर ओढा, मग टोंगळा वाकवून ओढा. वाकवल्यावर जास्त वर आला तर वरचा मसल आखडलाय. दोन्ही वेळा सारखाच अडला तर घोट्याचा सांधा किंवा खोलची ऊती. उकिडवं बसताना टोंगळा वाकलेलाच असतो, म्हणून तुमच्यासाठी दुसरी स्थिती महत्त्वाची.

दुपट्टा तळव्याच्या पुढच्या भागाला अडकवून हळू ओढा, तीस सेकंद धरा, पाचदा. दिवसातून तीन वेळा. झटके देऊ नका. जमिनीवर उकिडवं बसायची घाई नको, पूर्ण भार कधी द्यायचा ते एक्स-रेवरून तुमचे डॉक्टरच ठरवतील.

जांभळा होतो कारण रक्त खाली साचतं. क्रेप बँडेज बांधून पाच मिनिटं पाय सोडा, मग वर घ्या. रंग लगेच परतला तर वेळ हळूहळू वाढवा. वर घेऊनही रंग परतला नाही, पोटरी एकदम सुजून दुखली, ताप आला किंवा पू आला तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

वावरवाला

ताई, दोन्ही वेळा सारखाच अडते. पुढच्या तारखेले डॉक्टरले दाखवतो. तवापर्यंत दुपट्टा चालू. खर्रा कालपासून बंद, डोकं दुखून राहिलं.

वावरवाला, अठरा दिवसांनी

आता माचीस उभी जात नाई, आडवी जाते. डब्यावर बसून आज सकाळी काढलं दूध. म्हशीनं आधी डबा हुंगला, मंग शेपटी मारली माह्या तोंडावर. अर्धा लिटर कमीच निघालं.