विषय: इंग्लंडमधली युनिव्हर्सिटीची फी – खापर नक्की कुणावर?

लेस्टरहून, सोमवार रात्री, ऑक्टोबर २०२५

मंडळी, नमस्कार.

कोजागिरीला दूध आटेपर्यंत फीचा विषय चालला आणि अर्धवटच राहिला, म्हणून लिहायला बसलो. नातीची या वर्षीची (२०२५-२६) फी ९,५३५ पौंड. तिचा बाप १९८६ साली शेफील्डला शिकायला गेला तेव्हा फी काउन्सिलने भरली. माझा पगार बेताचा होता, त्यामुळे राहण्या-जेवणासाठी ग्रँटही मिळाली. दर टर्मच्या सुरुवातीला चेक यायचा. मला एक पै द्यावी लागली नाही.

तेव्हा शंभरातली पंधराएक मुलंच युनिव्हर्सिटीत जायची, म्हणून सरकारला ते परवडायचं. १९९९ साली लेबर पक्षाचे पंतप्रधान ब्लेअर यांनी निम्म्या तरुणांना उच्च शिक्षणात आणायचं लक्ष्य जाहीर केलं आणि घडी विस्कटली. एवढ्या मुलांचा खर्च कुठलं सरकार सोसणार? फी सुरू केली तीही लेबरनेच, १९९८ साली. माझ्या मते दोष सरळ त्यांचा आहे.

आपला,
य. कु.

रेडिंगहून, मंगळवार सकाळी

काका, सगळं लेबरवर ढकलू नका. भारतीय पासपोर्ट असला तरी इथे मत देता येतं हे कळल्यावर २०१० साली मी आयुष्यातलं पहिलं विलायती मत लिबरल डेमोक्रॅट्सना दिलं, आणि ते केवळ फीसाठी. त्यांच्या उमेदवारांनी फीवाढीविरुद्ध मत देण्याच्या वचनावर सह्या केल्या होत्या. मग ते कॉन्झर्व्हेटिव्हांबरोबर आघाडी करून सत्तेत गेले. ९ डिसेंबर २०१० ला २१ मतांच्या फरकाने फीची मर्यादा ९,००० झाली, आणि त्यांच्या निम्म्याच्या आसपास खासदारांनी, पक्षाचे नेते निक क्लेग यांच्यासकट, बाजूने मत दिलं. क्लेग यांनी २०१२ ला माफी मागितली, पण तोवर पहिली बॅच कर्ज डोक्यावर घेऊन आत निघालेली होती. २०१५ ला ५७ जागांवरून ८ वर आले, ते उगीच नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

म. दे.

मिल्टन कीन्सहून, मंगळवार रात्री

काका, तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे. स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

मुलांची संख्या ब्लेअरनी वाढवली हे खरं नाही. १९९२ साली जॉन मेजर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने पदवीपर्यंत शिकवणाऱ्या पॉलिटेक्निक कॉलेजांना युनिव्हर्सिटीचा दर्जा दिला, आणि ब्लेअर निवडून येण्याआधीच शंभरातली तीसएक मुलं जायला लागली होती. मुलं दुप्पट झाली, पैसा मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. १९८९ ते १९९७ या काळात दर विद्यार्थ्यामागचा सरकारी खर्च तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटला. छपरं गळत होती, वर्ग तुडुंब भरत होते, आणि पैसे कुणी द्यायचे हे निवडणुकीपूर्वी बोलायची कुणाचीच तयारी नव्हती.

मग काय केलं ते बघा. १९९६ साली कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने, लेबरच्या संमतीने, उच्च शिक्षणाचा पैसा कुठून आणायचा हे बघायला डिअरिंग कमिटी नेमली. अहवाल आला जुलै १९९७ मध्ये, म्हणजे निवडणूक होऊन गेल्यावर, लेबरच्या हातात. पुढच्या वर्षी १,००० पौंड फी. २००१ च्या जाहीरनाम्यात लेबरने लिहून दिलं की टॉप-अप फी, म्हणजे युनिव्हर्सिटीने वरून लावायची जादा फी, आणणार नाही. २७ जानेवारी २००४ ला फक्त पाच मतांनी तरलेल्या विधेयकातून ती आली, ३,००० पर्यंत. पुन्हा नोव्हेंबर २००९ मध्ये लेबरने त्याच प्रश्नावर ब्राउन कमिटी नेमली, तिचा अहवाल ऑक्टोबर २०१० मध्ये आघाडी सरकारने उघडला. दोन्ही वेळा कमिटी एकाची, अहवाल दुसऱ्याच्या पदरात, मध्ये निवडणूक. लोकांनी मत दिलं तेव्हा दोन्ही मोठ्या पक्षांनी प्रश्न टेबलावर आणलाच नव्हता. मला याचा सगळ्यात जास्त संताप येतो. म्हणून तर आज तुम्ही लेबरला धरता, म. दे. क्लेगना धरतात, आणि दोघांचं अर्धं अर्धं बरोबर असतं.

आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही. २०१६ पासून गरीब घरच्या मुलांची ग्रँट बंद करून तिचंही कर्ज केलं. म्हणजे ज्याच्या घरी कमी, तो जास्त कर्ज घेऊन बाहेर पडणार. माझ्या हिशेबी ९,००० पेक्षाही हा निर्णय वाईट.

आमच्या घरचं सांगते. थोरली २०१८ ला गेली. तीन वर्षांची फी २७,७५०, त्यावर राहण्याचं कर्ज. पहिली नोकरी लागली तेव्हा आम्ही पेढे वाटले. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिने जेवताना फोन माझ्यापुढे सरकवला. वर्षभरात पगारातून कापले गेलेले साधारण ११०० पौंड. वर्षभरात चढलेलं व्याज ३३०० च्या वर. ती म्हणाली, "आई, मी फेडतेय की वाढवतेय?" मी शिकलेली बाई, हिशेबाचं काम करते, मला उत्तर देता आलं नाही. धाकटा या सप्टेंबरला गेला. त्याच्यासाठी नियम वेगळे. व्याज महागाईइतकंच, पण पगार २५,००० च्या वर गेला की कापणी सुरू, आणि तिला तीस वर्षांनी माफी तर याला चाळीस. एका टेबलावर जेवणारी भावंडं, आणि दोघांना दोन कायदे.

पण काका, "एवढ्या मुलांचा खर्च कुठलं सरकार सोसणार" या वाक्याशी मी भांडेन. १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली नसती तर आमच्या घरातून कुणी इंजिनिअर झालं नसतं. माझा मोठा भाऊ अशाच कॉलेजात शिकला. वडिलांनी डोनेशनसाठी आईच्या पाटल्या मोडल्या, त्या परत झाल्या नाहीत. डोनेशन घेणाऱ्यांना मी आजही माफ करत नाही, पण जागा वाढल्या याबद्दल कधीच तक्रार करणार नाही. दार उघडलं हा गुन्हा नव्हता. दाराशी पैसे कुणाकडून, किती आणि कधी घ्यायचे हे ठरवताना सगळ्यांनी हात झटकले, तिथे दोष आहे.

लेबरच्या स्टार्मरनीही २०२० ला फी रद्द करायचं वचन दिलं, २०२३ ला सोडलं, आणि २०२५ ला ९,२५० ची ९,५३५ त्यांच्याच सरकारने केली. सप्टेंबर २०२५ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात ब्लेअरचं निम्म्यांचं लक्ष्यही बाजूला ठेवून अप्रेंटिसशिपसकट (काम करत शिकणं) दोन तृतीयांश तरुणांचं आणलं. अप्रेंटिसशिप उत्तमच, पण आधीच्या मुलांच्या व्याजाचं काय?

वि. जो.

स्लाउहून, बुधवारी

वाचून राहवलं नाही. आम्ही २०२३ ला स्किल्ड वर्कर व्हिसावर आलो. मुलगा पुढच्या सप्टेंबरला युनिव्हर्सिटीत जाईल. तोवर तीन वर्षं होतील, पण कायम राहण्याचा परवाना नाही, म्हणून फी परदेशी विद्यार्थ्याची आणि स्टुडंट लोन शून्य. आम्ही दोघं इथे टॅक्स भरतो. तुम्ही ज्या कर्जाला नावं ठेवताय ते आम्हाला मिळालं तर आम्ही आनंदाने घेऊ. वर मे २०२५ मध्ये सरकारच्या श्वेतपत्रिकेत परवाना मिळण्याआधी थांबायची वर्षं पाचाची दहा करायचा प्रस्ताव आला. तसं झालं तर धाकटीचीही तीच गत.

र. पा.

लेस्टरहून, बुधवारी रात्री

वि. जो., ग्रँट बंद झाल्याचं मला माहीत नव्हतं. मुलांची संख्या आधीच वाढली होती हेही. ब्लेअरवरचा तेवढा आरोप मागे घेतो. लेखी वचन मोडल्याचा आरोप मात्र ठेवतो.

र. पा., तुमच्या खासदारांची लोकांना भेटायची वेळ बघून ठेवा, बहुतेक शुक्रवार-शनिवारी असते. मुलाच्या शाळेचं पत्र, तुमचे आजवरचे टॅक्सचे कागद आणि व्हिसाच्या तारखा एका फाइलमध्ये लावा. अर्जाचं इंग्रजी मी तपासून देतो. अशी आणखी किती घरं आपल्या मंडळात आहेत ते याच मेलला उत्तर देऊन कळवावं, म्हणजे पत्रावर सह्या एकत्र घेता येतील.

य. कु.